पपनसाच्या सरबताचे रहस्य

सुरतेहून दक्षिणेस व पूर्वेस जाणाऱ्या वाटा जेथे एकमेकींस भेटतात, त्या भागात पलसाणा हे गाव वसलेले आहे. हजिऱ्याहून धुळ्याकडे निघालेला राष्ट्रीय महामार्ग येथूनच बारडोली, व्यारा, सोनगड असा पुढे खानदेशात उतरतो. त्याच वाटेने पोटापाण्यासाठी आलेली अनेक मराठी कुटुंबे आज सुरत परिसरात स्थायिक झालेली आहेत. अशा एखाद्या घरात दिवसाचे काम आटोपल्यावर कोणी तरुण संगणकापुढे बसतो आणि दोनशे वर्षांपूर्वीच्या एका गुन्ह्याचा तपास करू लागतो, हे दृश्य आता नवलाचे राहिलेले नाही. बाबूराव अर्नाळकरांच्या झुंजारने ज्यांच्या आजोबांची झोप उडविली, त्या नातवंडांनी रहस्यकथेची गोडी संगणकावरील खेळात शोधावी, हे स्वाभाविकच होय.

या जातीच्या खेळांपैकी ‘रिटर्न ऑफ द ओब्रा डिन’ हा विशेष नावाजलेला आहे. लुकास पोप या रचनाकाराने तो 2018 साली प्रसिद्ध केला. त्याचे कथानक 1807 सालातले आहे. पूर्वेकडे निघालेले आणि बेपत्ता झालेले एक व्यापारी जहाज इंग्लंडच्या फालमथ बंदरापाशी पुन्हा दिसू लागते. पण त्यावर जिवंत माणूस एकही नसतो. ईस्ट इंडिया कंपनीच्या लंडनच्या कचेरीतील निरीक्षक म्हणून खेळणाराने जहाजावर जायचे आणि साठ जणांपैकी प्रत्येकाचे नाव काय, त्याचे काय झाले व कोणाच्या हातून झाले, हे वहीत नोंदवायचे, असा हा खेळ आहे. त्या साठांत हिंदी खलाशीही आहेत. पोशाख, बोली, झोपण्याची जागा, शेजारी उभा असलेला सोबती अशा बारीकसारीक खुणांवरून माणूस ओळखावा लागतो. तिघांची माहिती अचूक भरली, की वही स्वतःच ती छापील अक्षरांत कायम करते. तर्क बरोबर होता, याची ग्वाही तेथल्या तेथे मिळते.

ज्या कंपनीच्या नावाने हा खेळ मांडलेला आहे, तिची वखार 1613 साली पलसाण्याहून फार दूर नसलेल्या सुरतेतच स्थिरावली होती, हा एक योगायोग. परंतु त्याहून मोठी गोष्ट अशी, की पलसाण्याच्या मातीशी एक खरेखुरे रहस्य जडलेले आहे. हा महाल बडोद्याच्या गायकवाडी राज्याच्या नवसारी प्रांतात मोडत असे. सोनगडच्या किल्ल्यातून पिलाजीराव गायकवाडांनी ज्या सत्तेचा पाया घातला, ती सत्ता येथे 1949 सालच्या विलीनीकरणापर्यंत टिकली. या राज्याचा एक धनी 1875 साली विषप्रयोगाच्या आरोपावरून न्यायासनापुढे उभा करण्यात आला आणि त्याची गादी गेली. त्या प्रकरणाची वही मात्र आजतागायत छापील अक्षरांत कायम झालेली नाही.

खंडेराव महाराजांच्या मृत्यूनंतर 1870 साली त्यांचे बंधू मल्हारराव गादीवर आले. भावाच्या जिवावर उठल्याच्या संशयावरून त्यांनी त्यापूर्वी पादऱ्यास कैद भोगली होती. त्यांचा कारभार उधळपट्टीचा व जुलमाचा असल्याच्या तक्रारी वाढल्या. मार्च 1873 मध्ये कर्नल रॉबर्ट फेयर हे रेसिडेंट म्हणून आले आणि महाराजांशी त्यांचा उभा दावा सुरू झाला. सर रिचर्ड मीड यांच्या अध्यक्षतेखालील चौकशी मंडळाने कारभारातील दोष उघड केल्यावर सुधारणेसाठी महाराजांना 1875 च्या अखेरपर्यंत मुदत देण्यात आली. मूळच्या नवसारीच्या घराण्यातील दादाभाई नौरोजी याच काळात बडोद्याचे दिवाण झाले. मे 1874 मध्ये महाराजांनी नवसारीच्या मुक्कामी लक्ष्मीबाईंशी विवाह केला. रेसिडेंटसाहेबांनी त्या विवाहास मान्यता देण्याचे नाकारले आणि वैराच्या आगीत तेल ओतले गेले. शेवटी 2 नोव्हेंबर 1874 रोजी महाराजांनी खलिता धाडून फेयर यांना परत बोलावण्याची मागणी केली.

त्यानंतर सातच दिवसांनी, 9 नोव्हेंबरला, फेयरसाहेब सकाळचा फेरफटका आटोपून आले. मेजावर नेहमीप्रमाणे पपनसाच्या रसाचे सरबत ठेवलेले होते. दोनतीन घोट घेतल्यावर त्यांनी उरलेले बाहेर फेकले आणि पेल्याच्या तळाशी काळपट गाळ पाहिला. रेसिडेन्सीचे वैद्य डॉ. सिवर्ड यांनी तो तपासला. पुढे मुंबईचे सरकारी रसायनपरीक्षक डॉ. ग्रे यांच्याकडेही तो गेला. त्यात सोमल आणि हिऱ्याची पूड असल्याचा निष्कर्ष निघाला. सोमल थंड पाण्यात सहजी विरघळत नाही. तो तळाशी बसतो. साहेबांचा जीव वाचविला असेल, तर या गुणधर्मानेच. हिऱ्याची पूड प्राणघातक असते, हा तर त्या काळचा सार्वत्रिक समज होता.

पहिल्या चौकशीत कोणीच सापडले नाही. डिसेंबरात फेयर यांच्या जागी सर लुई पेली आले आणि मुंबईचे पोलीस कमिशनर फ्रँक सूटर हे अकबर अली, अब्दुल अली या आपल्या निष्णात तपासनिसांसह बडोद्यास दाखल झाले. रेसिडेन्सीतील हवालदार रावजी हा पगाराच्या मानाने अधिक खर्च करीत असून दागिने घडवीत आहे, हे त्यांच्या ध्यानात आले. माफीचे वचन मिळताच रावजीने कबुली दिली : आपण व जमादार नरसू रात्री महाराजांकडे जात होतो, पुड्या तेथूनच मिळाल्या, सरबतात त्या आपणच टाकल्या. नरसूनेही कबुली दिली आणि नंतर विहिरीत उडी घेतली. त्याला वर काढण्यात आले. महाराजांचे खाजगी चिटणीस दामोदरपंत यांनी पहाऱ्यात दिवस काढल्यावर माफीच्या आश्वासनावर सोमल व हिरे मिळविल्याची हकीगत सांगितली.

एवढ्यावर कोणाही वाचकास रहस्य उलगडले, असे वाटेल. परंतु 23 फेब्रुवारी 1875 रोजी चौकशी मंडळाचे काम सुरू झाले आणि महाराजांच्या वतीने विलायतेहून आलेले सार्जंट बॅलंटाइन उलटतपासणीस उभे राहिले, तेव्हा चित्र पालटले. रावजीच्या पट्ट्यात सोमलाची पुडी सापडली होती. पण ती केव्हा? रावजी कबुली देऊन बसल्यावर. कोठे? जो पट्टा आता दुसराच शिपाई वापरीत होता, त्यात. कोणाच्या हाताने? अकबर अलीच्या. कबुलीला आधार हवा असतानाच आधार हाती यावा, ही गोष्ट बॅलंटाइन यांनी संशयाची ठरविली आणि पुडी पोलिसांनीच ठेवली असावी, असा रोख धरला. ज्याच्याकडून हिरे घेतल्याचे सांगितले जात होते, तो हेमचंद जव्हेरी मंडळापुढे उलटला. पोलिसांपुढील जबानी दडपणाखाली दिल्याचे त्याने सांगितले. उरले ते साक्षीदार स्वतःच्याच तोंडाने गुन्ह्याचे भागीदार होते, आणि त्यांना माफीची आशा होती.

दुसरी बाजूही हलकी नव्हती. सरबतात विष होते, हे रसायनशास्त्राने सांगितले होते. फेयर यांच्याशी महाराजांचे वैर जगजाहीर होते. रेसिडेन्सीच्या नोकरांना महाराजांकडून पैसे पोचत असल्याची साक्ष होती. तरीही प्रश्न उरतोच. ज्या रेसिडेंटास परत बोलावण्याची मागणी आठवड्यापूर्वीच रीतसर केलेली आहे, त्याला विष घालून स्वतःवर संशय कोण ओढवून घेईल? आणि अविवेकी राजा असा विचार करीलच, हे तरी कोणी सांगावे?

मंडळात सहा जण होते. बंगालचे सरन्यायाधीश सर रिचर्ड काउच, सर रिचर्ड मीड व फिलिप मेलव्हिल हे तीन इंग्रज. ग्वाल्हेरचे जयाजीराव शिंदे, जयपूरचे महाराज रामसिंह व राजा सर दिनकरराव हे तीन हिंदी. साक्षी त्याच, कागद तेच, दालनही तेच. पण इंग्रज सभासदांनी आरोप शाबीत मानला आणि हिंदी सभासदांना तो शाबीत झालेला दिसला नाही. तीन विरुद्ध तीन अशी वही अर्धीच राहिली. संगणकावरच्या खेळात तीन नोंदी जुळल्या की सत्य पक्के होते. बडोद्यात तिघांची मते जुळली, पण समोर तितकीच जुळलेली तीन मते उभी राहिली.

तेव्हा सरकारने निराळी वाट धरली. एप्रिल 1875 मध्ये मल्हाररावांना पदच्युत करण्यात आले. परंतु विषप्रयोगाच्या आरोपावर नव्हे, तर गैरकारभार, दुर्वर्तन आणि सुधारणा घडविण्याची अपात्रता या कारणांवर. ज्या गुन्ह्यासाठी चौकशी मांडली, तो बाजूस राहिला आणि शिक्षा मात्र झाली. मल्हारराव मद्रासेस गेले व तेथेच 1882 साली निवर्तले. खंडेरावांच्या राणी जमनाबाई यांनी 27 मे 1875 रोजी नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावच्या बारा वर्षांच्या गोपाळरावास दत्तक घेतले. तेच सयाजीराव महाराज होत.

यापुढचा इतिहास सर्वश्रुत आहे. सयाजीरावांनी 1893 साली अमरेलीत सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग केला आणि 1906 साली तो सर्व राज्यास लागू केला. त्या राज्याचा भाग म्हणून पलसाणा महालासही त्याचा लाभ झाला. येथेच इतिहासाच्या वाचकाची खरी कसोटी लागते. परिणाम चांगला झाला, म्हणून आधीचा निकाल न्याय्य होता, असे मानण्याचा मोह सहज होतो. परंतु सयाजीरावांचे सुराज्य हा मल्हाररावांच्या अपराधाचा पुरावा नव्हे. आणि मल्हाररावांचा कारभार वाईट होता, हाही सरबतातल्या सोमलाचा पुरावा नव्हे. तद्वतच तीन हिंदी सभासदांनी आरोप अशाबीत ठरविला, एवढ्यावरून महाराज निर्दोष होते, असेही सिद्ध होत नाही. ‘शाबीत झाले नाही’ आणि ‘घडले नाही’ या दोन भिन्न गोष्टी आहेत.

रहस्याचा खेळ माणसाला चांगल्या सवयी लावतो. तो प्रत्येक खूण दोनदा पाहावयास शिकवितो. कोण कोठे उभा होता, कोणी काय पाहिले, हे विचारावयास शिकवितो. या सवयी इतिहासाच्या अभ्यासातही मोलाच्याच आहेत. फक्त एक सवय तेथेच सोडून यावी लागते : शेवटी कोणीतरी उत्तर सांगेल, ही अपेक्षा. खेळाच्या रचनाकाराने उत्तर आधीच लिहून ठेवलेले असते. रेसिडेन्सीच्या त्या सकाळचे उत्तर ज्यांना ठाऊक होते, ते काही न सांगता, किंवा माफीच्या मोबदल्यात हवे तेवढेच सांगून निघून गेले. पपनसाच्या सरबताचा पेला अजून मेजावरच आहे, आणि त्याच्या तळाशी काय होते हे कळूनही ते कोणी ठेवविले, हे पुढच्या पिढ्यांना आपापल्या विवेकानेच तोलावे लागणार आहे.