खतावणी आणि तिजोरी

नवे ते जलद, हा समज फोटो सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरने कधीच खोटा पाडला आहे. लाइटरूमचाच इतिहास घ्या. २००७ साली ॲडोबीने ते बाजारात आणले. त्याची रचना माझ्यासारख्या बँकेतल्या कारकुनाला अगदी घरची वाटते: फोटो तिजोरीत, म्हणजे फोल्डरात, आणि ‘कॅटलॉग’ नावाच्या खतावणीत नुसत्या नोंदी.

२०१५ च्या आवृत्तीने फोटो सुधारण्याचे थोडे काम ग्राफिक्स कार्डाकडे सोपवले. मदतीला नवा माणूस दिला की काम कसे रेंगाळते, हे आम्हांला का ठाऊक नाही? काही संगणकांवर नेमके तेच झाले. उपाय निघाला तो कार्डाला घरी बसवण्याचा! पुढे २०१७ ची आवृत्ती आली ती वेगाचीच ग्वाही देत.

तेव्हा अपग्रेडनंतर गाडी रखडली, तर आधी कॅटलॉगची प्रत काढून ठेवा. मग तो ‘ऑप्टिमाइझ’ करा. तरीही रखडली, तर कार्ड बंद करून पाहा. एका वेळी एकच उपाय. नाहीतर गुण कशाने आला ते कळायचे नाही. चिडून फोटो मात्र पुसू नका. खतावणी कंबर मोडून का होईना, पुन्हा लिहिता येते. गेलेल्या आजीचा फोटो पुन्हा कुठून काढणार?