अंबरनाथचें शिवालय आणि भूतदयेचें मोल

अंबरनाथच्या शिवालयांत शके ९८२ चा, म्हणजे इ. स. १०६० च्या सुमाराचा शिलालेख आहे. त्यांत उत्तर कोंकणच्या शिलाहार घराण्यांतील मांवाणी ऊर्फ मुम्मुणि राजाचें नांव येतें. वालधुनीच्या कांठचें हें देऊळ पाहावयास दूरदूरचे लोक येतात. महाशिवरात्रीला तर तेथें मोठी यात्रा भरते. येणारा मनुष्य कोरीव काम पाहून थक्क होतो, नंदीपुढें हात जोडतो, गाभाऱ्याच्या पायऱ्या उतरून पिंडीला बेल वाहतो. परंतु ज्या घराण्यानें हें देऊळ उभारलें, तें आपलें मूळ कोणापासून सांगत असे, हें थोड्यांनाच ठाऊक असतें.

शिलाहारांच्या ताम्रपटांत हे राजे आपणांस विद्याधर जीमूतवाहनाचे वंशज म्हणवितात. राजांचीं कुळें बहुधा सूर्यचंद्रांपासून किंवा एखाद्या विजयी वीरापासून निघालेलीं असतात. जीमूतवाहनाची कीर्ति मात्र कोणाला जिंकल्यामुळें झाली नाहीं. त्याची कथा कथासरित्सागरांत आहे, आणि सातव्या शतकांत हर्षानें तिच्यावर ‘नागानंद’ नाटक रचलें. गरुड नागांचा संहार करीत असे, म्हणून वासुकीनें रोज एक नाग त्याच्याकडे धाडण्याचा करार केला. एके दिवशीं शंखचूड नांवाच्या नागाची पाळी आली. त्याच्या आईचा आकांत जीमूतवाहनानें ऐकला, आणि शंखचूडाच्या जागीं तो स्वतः वधाच्या शिळेवर गेला. गरुड अंगाचे लचके तोडूं लागला, तरी तो डगमगला नाहीं. आपण कोणाला खात आहों हें कळतांच गरुडास पश्चात्ताप झाला, व त्यानें नागांची हत्या सोडली. या शिळेवरील आहारावरूनच ‘शिलाहार’ हें नांव पडलें, असेंही सांगतात. शिलाहारांच्या ध्वजावर सोन्याचा गरुड असे.

या राजांनीं पशूंना कधीं दुखविलें नाहीं, असा याचा अर्थ नव्हे. त्यांनीं लढाया केल्या, आणि लढाईंत हत्तीघोड्यांचे हाल व्हावयाचेच. पण एका सापासाठीं देह देणाऱ्या पुरुषाला आपला पूर्वज म्हणण्यांत त्यांना भूषण वाटलें, ही गोष्ट लहान नाहीं.

अंबरनाथच्या पुढें बदलापूर लागतें. पूर्वीं येथें प्रवासांत घोडे बदलीत, म्हणून गांवाचें हें नांव पडलें, असें लोक सांगतात. थकलेल्या घोड्याला दाणावैरण व विसांवा मिळे, हें चांगलेंच; परंतु स्वाराचें काम अडूं नये, हाही त्यांत हेतु असे. हा शहाणा व्यवहार झाला. जीमूतवाहनाला नागापासून कांहीं मिळवावयाचें नव्हतें, आणि दया सुरू होते ती येथूनच.

हीच दया महाराष्ट्राच्या घराघरांत पोंचविली ती संतांच्या चरित्रांनीं. पैठणच्या एकनाथमहाराजांची गोष्ट लहान मुलासही ठाऊक आहे. काशीची गंगा कावडीनें रामेश्वरास न्यावयाची, शेंकडों कोसांची पायपीट. आणि वाटेंत तापलेल्या वाळूंत पाण्यावांचून तडफडणारें गाढव दिसलें. नाथांनीं ती गंगा त्याच्या तोंडांत ओतली. गाय असती तर लोकांनीं पुण्य तरी मानलें असतें. गाढवाला कोण विचारतो? तरीही आपलें पाणी देवाला येथेंच पावलें, अशी नाथांची श्रद्धा होती.

अंबरनाथहून कल्याणकडे जातांना उल्हासनगर आहे. महायुद्धाच्या काळांतील लष्करी छावण्यांत १९४७ च्या फाळणीनंतर सुमारें एक लाख सिंधी निर्वासित येऊन राहिले, आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजीं या वसाहतीला उल्हासनगर हें नांव मिळालें. त्यांनीं आपला जलदेव झूलेलाल बरोबर आणला. तस्बिरींत तो माशावर बसलेला असतो. याच सिंधी समाजांतले साधु वासवानी हे २५ नोव्हेंबर १८७९ रोजीं सिंधमधील हैदराबाद येथें जन्मले, फाळणीनंतर पुण्यास राहिले, आणि १६ जानेवारी १९६६ रोजीं निवर्तले. पशुपक्षी हीं मनुष्याचीं धाकटीं भावंडें आहेत, ही त्यांची शिकवण. त्यांचे अनुयायी त्यांच्या जन्मदिवशीं मांस वर्ज्य करितात. ज्यांचें घरदार सुटलें होतें, अशा लोकांपुढें त्यांनीं मुक्या जीवांचें दुःख मांडलें, हें विशेष.

या तिन्ही कथांत एक गोष्ट समान आहे. जीमूतवाहनाला देह द्यावा लागला, नाथांना यात्रेचें फळ सोडावें लागलें, वासवानींच्या अनुयायांना जिभेची आवड सोडावी लागते. दयेला मोल पडतें. नंदीला फूल वाहण्यास मात्र कांहींच पडत नाहीं, म्हणूनच तें सर्वांना साधतें.

आज शिवालयाच्या पायथ्याशीं वाहणारी वालधुनी कारखान्यांच्या व वस्तीच्या सांडपाण्यानें मलिन झाली आहे. नंदीचे पूजक तिच्या एका अंगास आहेत, मत्स्यारूढ देवाचे भक्त खालच्या अंगास आहेत. परंतु त्या पाण्यांत मासा जगणें कठीण, आणि तहानलेल्या गाढवाला पाजावें असें तें राहिलेलें नाहीं. नदी निर्मळ करावयाची तर कारखानदाराला पैसा, नगरपालिकेला श्रम आणि नागरिकाला संवय सोडावी लागेल. अंबरनाथच्या यात्रेकरूंच्या व झूलेलालाच्या भक्तांच्या श्रद्धेची कसोटी आतां या पाण्यापाशीं आहे.