वृत्तपत्रीय शब्दसंपदा (मराठी)

मराठी वृत्तपत्रांच्या छापील पानावर आणि वृत्तपत्रकचेरीच्या बोलण्यात रूढ झालेल्या शब्दांचा समूह. पानावरचा आणि टेबलावरचा शब्द पुष्कळदा वेगळा असतो. वाचक ज्याला मथळा म्हणतो त्याला उपसंपादक हेडिंग म्हणतो, आणि पहिल्या पानाच्या तळाशी आडवी लावलेली वाचनीय बातमी कचेरीत ‘अँकर’ असते. दोन्ही बोली अस्सल मराठी वृत्तपत्रांच्याच आहेत; एकीला शुद्ध आणि दुसरीला भेसळ ठरवणे चूक आहे.

या शब्दांतले काही वृत्तपत्रांहून जुने आहेत. शिवछत्रपतींच्या अष्टप्रधानांतील मंत्र्याला वाकनीस म्हणत. तो फारसी वाकियानवीस, म्हणजे घडामोडी टिपून ठेवणारा. दरबारी बातमीपत्रांना अखबार म्हणत. हा मूळ अरबी शब्द खबर या शब्दाचे अनेकवचन आहे. बाळशास्त्री जांभेकरांचे ‘दर्पण’ ६ जानेवारी १८३२ रोजी मुंबईत निघाले, आणि १८४० मध्ये निघालेल्या पत्राने ‘मुंबई अखबार’ असे नाव घेतले. पुढे संस्कृत घडणीचे शब्द वाढले. स्तंभ, विशेषांक यांसारख्या शब्दांचे श्रेय सावरकरांच्या भाषाशुद्धीला दिले जाते. विशेषांक घरोघरी रुळला. स्तंभाला मात्र कॉलमची जागा पुरती घेता आली नाही, त्याचा ‘स्तंभलेखक’ तेवढा टिकला.

अग्रलेख हा या संपदेतला सर्वांत वजनदार शब्द. पत्राचे स्वतःचे मत मांडणारा, सही नसलेला मुख्य लेख म्हणजे अग्रलेख. सही नसली तरी जबाबदारी संपादकाची. ‘केसरी’तील लेखनासाठी टिळकांवर १८९७ मध्ये राजद्रोहाचा खटला झाला, आणि १९०८ च्या खटल्यात सहा वर्षांची शिक्षा झाली, तिचा आधार ‘केसरी’तले अग्रलेखच होते. अग्रलेखाच्या सोबतीला येणारे छोटे, एकाच मुद्द्यावरचे टिपण म्हणजे स्फुट. चांगले स्फुट लिहिणे अग्रलेखाहून अवघड, कारण तिथे प्रस्तावनेला जागाच नसते. वाचकांचा पत्रव्यवहार हे सदरही कमी तोलाचे नाही: लोकहितवादींची ‘शतपत्रे’ १८४८ पासून भाऊ महाजनांच्या ‘प्रभाकर’मध्ये पत्रे म्हणूनच छापली गेली.

शिशाच्या खिळ्यांचा, म्हणजे सुट्या छपाई-अक्षरांचा, काळ संपला, पण त्याचे शब्द उरले. अक्षरे जुळवणारा कंपोझिटर डाव्या हातात स्टिक (जुळणीची पट्टी) धरून उजव्या हाताने केसमधला (खिळ्यांच्या खणांच्या पेटीतला) एकेक खिळा उचलून लावी. खिळ्यावरचे अक्षर उलटे असल्याने उलटे वाचण्याची सवय लागे. देवनागरीत अक्षर मधल्या ओळीत, रफार-मात्रा वर आणि उकार खाली, अशी जुळणी करावी लागे. वरचा एक बारीक तुकडा निसटला की ‘अर्थ’चा ‘अथ’ होई. असा दोष पकडायचा मुद्रितशोधकाने. वृत्तपत्राच्या शुद्धतेचे मोठे श्रेय त्याचे आहे, आणि अनेक कचेऱ्यांतून त्याची खुर्चीच गेली हे मराठीचे नुकसान आहे.

कामाची क्रियापदे लक्षात घेण्याजोगी आहेत. पान आधी ‘लावतात’, मग छपाईला ‘सोडतात’. ‘पान सुटलं’ म्हटले की दुरुस्तीला वाव संपला. बातमी छापून आली की ती ‘लागली’. दुसऱ्या पत्रात आली आणि आपल्याकडे नाही, तर ‘चुकली’. इतरांआधी उघड केली तर ‘फोडली’, कुणाच्या सांगण्यावरून छापलीच नाही तर ‘दाबली’. पैसे घेऊन छापलेल्या मजकुराला मात्र मराठीनेही ‘पेड न्यूज’ हाच शब्द ठेवला.

बातमीच्या माथ्यावरची श्रेयओळही नीट वाचावी. ‘खास प्रतिनिधी’ किंवा ‘प्रतिनिधी’ हा बहुधा कचेरीचा पगारी बातमीदार. ‘वार्ताहर’ हा बहुतेक वेळा तालुक्याच्या किंवा बाजाराच्या गावी राहून, शेती, शिक्षकी किंवा दुकान सांभाळत बातम्या कळवणारा माणूस. १ जानेवारी १९३२ रोजी पुण्यात ‘सकाळ’ सुरू करणाऱ्या ना. भि. परुळेकरांनी स्थानिक बातमीला जे महत्त्व दिले, ते अशाच माणसांच्या बळावर टिकले. धरणफुटी असो की बाजारसमितीतला लिलाव, पहिला फोन वार्ताहराचाच येतो. अंकात त्याचे नाव क्वचितच छापले जाते, गावात मात्र त्याला ‘पेपरवाले’ म्हणून ओळखतात.