भोकाचा व्यास

कॅटपल्ट म्हटले की आपल्याला कैऱ्या पाडायची बेचकी आठवते. ग्रीकांचे दगडफेके कॅटपल्ट निराळे. मजबूत लाकडी चौकटीत दोरांचे दोन जुडगे उभे ताणून पिळायचे, प्रत्येकात एक दांडा खुपसायचा. दांडे मागे खेचून सोडले की पीळ उलगडतो आणि दगड सुटतो. दोर कंडरांचे किंवा केसांचे. सगळा जोर पिळात असल्याने जुडगा ज्या भोकातून ओवतात त्याचा व्यास हेच मूळ माप. बाकीचे भाग त्याच्या पटीत.

इ.स.पू. तिसऱ्या शतकातला फिलॉन हा व्यास काढण्याची रीत देतो. दगडाचे वजन मिनांत घ्या (मिना म्हणजे सुमारे ४३६ ग्रॅम), १०० ने गुणा, घनमूळ काढा, त्यात त्याचाच दहावा भाग मिळवा. उत्तर बोटांत. १० मिनांना ११ बोटे, ८० मिनांना २२. दगड आठपट, भोक मात्र दुप्पट. हे नुसत्या तर्काने सापडले नाही, भोक लहानमोठे करून पाहत पाहत अलेक्झांड्रियाच्या कारागिरांना सापडले आणि त्या खटाटोपाला राजांनी पैसा पुरवला, हेही तोच सांगतो. मला सूत्रापेक्षा ही नोंद मोलाची वाटते.

विसाव्या शतकाच्या आरंभी एर्विन श्राम या जर्मन तोफखाना अधिकाऱ्याने असे ग्रंथ समोर ठेवून यंत्रे उभी केली. ती झालबुर्गच्या रोमन किल्ल्यात ठेवली गेली. पुढे १९१२ मध्ये स्पेनमधल्या अँपुरियासला बाणफेक्या यंत्राच्या चौकटीचे खरे लोखंड मातीतून निघाले. कागदावरचा तर्क आता वस्तूशी ताडता आला.

शाळेतला ‘प्रकल्प’ म्हणजे दुकानातून चित्रे आणून चिकटवणे, ही आपली रीत. त्याऐवजी आठवीच्या मुलांना फिलॉनचे सूत्र द्यावे. गोटीएवढ्या, साडेचार ग्रॅमच्या खड्याला भोक साधारण दोन सेंटिमीटरचे येते. एवढे यंत्र वर्गात बनते. मग सुतळी तुटते, नायलॉन ताणले जाते, आणि ‘त्यांचा दोर कसला होता?’ हा प्रश्न मुलेच विचारतात. आता पुस्तक उघडायला कारण मिळाले.

दुसऱ्या सत्रात कौटिल्य घ्यावा. अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणात, आयुधागाराच्या प्रकरणात, सर्वतोभद्र, जामदग्न्य, बहुमुख अशी स्थिर यंत्रांची नावे आहेत. नावेच, भोक नाही, पट नाही. भव्य चित्रे काढणाऱ्यांना तेवढे पुरते, सुताराला पुरत नाही. मुलांनी जामदग्न्य बनवायला घ्यावेच, पण प्रत्येक तुकड्यावर खडूने लिहावे: ग्रंथातला, की आमच्या मनातला. पहिल्या यंत्रावर ‘ग्रंथातला’ बऱ्याच ठिकाणी येईल. दुसऱ्यावर बहुधा फक्त नावाच्या पाटीवर.