सा, प आणि डिस्टॉर्शन

सोलापुरात बसून कॉर्नसारखा जाडजूड गिटारचा आवाज काढायचा, तर बहुतेकांचा पहिला हात गेनच्या नॉबवर जातो. नॉब दहावर, आणि आवाजाचा चिखल! मग 'आपल्याकडे महागडा अँप नाही' म्हणत गिटार कपाटावर जाते. पण ही गोष्ट पैशांपेक्षा कानाची आहे, आणि तिचा एक धागा कुर्डुवाडीमार्गे मिरजेला पोचतो.

मिरजेत एकोणिसाव्या शतकापासून तानपुरे बनतात. तानपुऱ्याच्या घोडीचा माथा कारागीर अगदी किंचित गोलाकार घासतो. वर तारेखाली सुती दोरा सरकवला जातो. तार घोडीला चाटत थरथरते आणि एका स्वरातून वरचे कितीतरी स्वर झिरमिळायला लागतात. ही जवारी. म्हणजे स्वच्छ तारेला मुद्दाम, मोजून दिलेली खरखर.

इलेक्ट्रिक गिटारच्या जगात ही खरखर बऱ्याचदा बिघाडातून आली. मार्टी रॉबिन्सच्या १९६१ सालच्या 'डोन्ट वरी'मध्ये ग्रेडी मार्टिनचा बास फाटका वाजतो, कारण रेकॉर्डिंगच्या वेळी यंत्रणेतला एक भाग बिघडला होता. पुढच्याच वर्षी मायस्ट्रो कंपनीने तसा आवाज देणारं पेडल बाजारात आणलं. १९६४च्या हिटसाठी किंक्सच्या डेव्ह डेव्हिसने तर स्पीकरचा पडदाच ब्लेडने कापला.

मग बर्मिंगहॅम, कारखान्यांचं शहर. गिरण्यांच्या सोलापूरला टोनी आयोमी परका वाटू नये. वयाच्या सतराव्या वर्षी पत्र्याच्या कारखान्यात यंत्राखाली त्याच्या दोन बोटांची टोकं गेली. त्याने प्लॅस्टिक वितळवून टोप्या केल्या, तारा हलक्या घेतल्या, पुढे त्या सैलही केल्या. १९७१च्या 'मास्टर ऑफ रिॲलिटी'त ब्लॅक सबाथचा आवाज खोल गेला. १९९४ साली कॉर्नने सात तारांच्या गिटारी आणखी खाली उतरवून त्याच वाटेवर न्यू-मेटल उभं केलं.

गेन म्हणजे नेमकं काय? सिग्नल अँपच्या मर्यादेपलीकडे ढकलला की लहरीचे माथे छाटले जातात आणि मूळ स्वरात नसलेले वरचे स्वर तयार होतात. एकाच वेळी बरेच स्वर वाजवले, तर हे नवे स्वर एकमेकांत अडकतात. म्हणून मेटलवाले बहुधा दोनच स्वर दाबतात: सा आणि प. त्यालाच पॉवर कॉर्ड म्हणतात. तानपुराही बहुतेक वेळा याच दोन स्वरांत लावतात.

आता नॉब फिरवा. गेन शून्यापासून वाढवत न्या. तळव्याची कड ब्रिजजवळ टेकवून तार छेडली की 'ढक्' असा घट्ट आवाज यायला लागेल, तिथे थांबा. बास कमी ठेवा, खालची जागा बास गिटारची आहे. मिड पूर्ण काढू नका. हेडफोनवर तसं भारी वाटतं, पण ड्रम सुरू झाले की गिटार गायब होते. कॅबिनेट सिम्युलेशन चालू हवंच. गिटारचा खरा स्पीकर साधारण ५ हजार हर्ट्झच्या वरचं फारसं ऐकवत नाही. ते सिम्युलेशन नसेल तर गांधीलमाशी गुणगुणते. शेवटी नॉइज गेट लावा, म्हणजे दोन ठोक्यांमधली शांतता शांतच राहील.

जवारी लावणारा कारागीरही असंच करतो: जरासं घासायचं, ऐकायचं, पुन्हा जरासं घासायचं.