तोंडची तोरा

आजीने मला वायिक्रा शिकवला तो मासळीच्या पाटीपुढे बसवून. वायिक्रा म्हणजे तोराच्या, आम्हा यहुद्यांच्या धर्मग्रंथाच्या, पाच पुस्तकांतलं तिसरं; काय खावं आणि काय नाही, हे त्यात आहे. हे नाव मला पुष्कळ वर्षांनी कळलं. आजीच्या तोंडी ते कधीच आलं नाही. अलिबागला इस्राएल आळीत कोळीण आमच्या ओट्यावर पाटी उतरवायची आणि आजी माझं बोट धरून माशाच्या शेपटीकडून डोक्याकडे उलटं फिरवायची. "लागले खवले? आता पर बघ." दोन्ही असले तरच मासा घरात यायचा. कोलंबी, चिंबोरी, मुशी, शिंगाळा उंबऱ्याबाहेर. कोळिणीला हे इतकं पाठ होतं की आमच्या दारी ती पाटीतली कोलंबी आधीच पानाखाली झाकायची.

"का गं आजी?" या प्रश्नाला उत्तर एकच. "आपल्याला चालत नाही."

या 'आपल्या'ची गोष्ट ती शुक्रवारी रात्री सांगायची. दिवेलागणीला काचेच्या पेल्यात पाणी, पाण्यावर खोबरेल, खोबरेलात वात. कोकणात द्राक्षांची दारू कुठून मिळणार? मनुका भिजवून, कुस्करून केलेल्या सरबतावर आजोबा किद्दुश, म्हणजे शब्बाथच्या (शनिवारच्या विसाव्याच्या) सुरुवातीचा आशीर्वाद, म्हणायचे. त्यानंतर शनिवारचे तारे दिसेपर्यंत चूल नाही, सुई नाही, हिशेब नाही. हात मोकळे, म्हणून गोष्टी.

गोष्ट बुडण्यापासूनच सुरू व्हायची. फार फार वर्षांपूर्वी आपली माणसं परमुलखातून गलबतात बसून निघाली, नवगावच्या किनाऱ्याजवळ गलबत फुटलं. सात पुरुष आणि सात बायका तेवढ्या वाचल्या. बाकीच्यांची प्रेतं लाटांनी वाळूवर आणली आणि वाचलेल्यांनी ती तिथेच पुरली. "आणि पोथ्या?" मी दर वेळी विचारायची. "पोथ्या गेल्या," आजी म्हणायची. "तोंडात होतं तेवढं राहिलं."

सात आणि सात हा आकडा मला आता गोष्टीतला वाटतो. फुटलेल्या गलबतातून अशी जोड्याजोड्यांनी माणसं वाचत नाहीत. पण नवगावच्या त्या जुन्या दफनभूमीत मी आजीचा हात धरून उभी राहिले आहे, आणि तिथे आकड्यावर वाद घालावासा वाटला नाही.

तोंडात राहिलं ते काय? एक प्रार्थना, शेमा. हिब्रूत शेमा म्हणजे 'ऐक'. देव आहे आणि तो एकच आहे, एवढंच ती इस्राएलाला ऐकायला सांगते. तोराच्या पाचव्या पुस्तकातल्या या काही शब्दांवर आमचा सगळा संसार चालला. मूल जन्मलं, आठव्या दिवशी त्याची सुंता झाली, लग्न लागलं, कोणी गेलं, प्रत्येक वेळी शेमाच. बाकीचं हिब्रू समुद्रात गेलं होतं.

वाचलेली माणसं तेल गाळू लागली. पूर्वीच्या कुलाबा जिल्ह्याच्या गावागावांत त्यांचे घाणे फिरू लागले आणि गावांचीच आडनावं झाली: नवगावकर, पेणकर, झिराडकर, किहीमकर, रोहेकर, चेऊलकर. शेजाऱ्यांनी नाव दिलं 'शनवार तेली', कारण शनिवारी यांचा घाणा बंद. आजीच्या आजोबांचा बैल म्हणे शनिवारी सकाळी आपणहून गोठ्यातच बसून राहायचा.

बैलाची गोष्ट खरी की रंगवलेली, कोण जाणे. पण पुढे कॉलेजात असताना मिश्नाचं भाषांतर हाती आलं आणि मी तो बैल आठवून थबकले. मिश्ना म्हणजे इसवी सन 200 च्या सुमारास येहुदा हानासी यांनी जुळवलेला तोंडी नियमांचा संग्रह. त्याचे 6 विभाग, 63 प्रकरणं. शब्बाथच्या प्रकरणात त्या दिवशी वर्ज्य अशा 39 कामांची यादी आहे. पेरणी, नांगरणी, कापणी, मळणी, पाखडणं, दळणं, मळणं, भाजणं, अशी ती शेतातून चुलीपर्यंत येते, मग लोकर, शिवण, शिकार, लिहिणं, विस्तव. द्राक्षं आणि ऑलिव्ह पिळणं हे पुढच्या पंडितांनी मळणीची पोटजात म्हणून धरलं: दाणा भुसातून सोडवावा तसं तेल फळातून सोडवणं. ज्यांनी ही यादी कधी पाहिली नव्हती, त्या तेल्यांनी नेमकं तेच थांबवलं होतं.

आमच्याकडची सर्वांत लाडकी गोष्ट दावीद राहाबीची. हा परदेशी यहुदी कोकणात आला, त्याला या लोकांचा संशय आला. त्याने बायकांसमोर सगळ्या जातींची मासळी ओतली आणि रांधायला सांगितलं. बायकांनी खवले आणि पर असलेली वेगळी काढली, बाकीची बाजूला सारली. राहाबी म्हणाला, हे माझेच. मग त्याने काही तरुणांना हिब्रू शिकवलं. ते पुढे आमचे काजी, म्हणजे धर्मविधी चालवणारे, झाले. कोणी या राहाबीला हजारेक वर्षं मागे नेतात, कोणी अठराव्या शतकातल्या कोचीनच्या राहाबी घराण्याशी जोडतात. मला यातली एक गोष्ट खटकते. पुस्तकांत ती सांगताना लिहितात की बेने इस्राएल, म्हणजे आमचे लोक, आपला धर्म विसरले होते आणि राहाबीने तो त्यांना परत दिला. विसरले होते, तर परीक्षेत पास कशा झाल्या त्या बायका?

यहुदी धर्माची स्वतःचीच शिकवण इथे माझ्या बाजूने आहे. सिनाय पर्वतावर मोशेला दोन तोरा मिळाल्या, असं रब्बी मानतात. एक लिहिलेली. दुसरी तोरा शेबेआल पे, शब्दशः तोंडावरची तोरा, जी गुरूने शिष्याला सांगायची, त्याने पुढच्याला. इसवी सन 70 मध्ये रोमनांनी यरुशलेमचं मंदिर जाळलं, लोक विखुरले, तेव्हा ती हरवेल या धास्तीने मिश्ना जुळवला गेला. त्यावरच्या वादचर्चेतून तालमूद झाला, एक यरुशलेमचा, एक बाबिलोनचा. दोन पंडितांत वाद झाला तर हरलेल्याचं मतही त्यात जपून ठेवलेलं असतं. मला ती या ग्रंथाची मोठी माया वाटते. बाबिलोनला मदरसे होते, शिष्य होते. कोकणात स्वयंपाकघर होतं.

आजीच्या सणांची नावं घ्या. रोश हशाना, वर्षाचा पहिला दिवस, हा तिचा 'नव्याचा सण'. गव्हाचा चीक काढून नारळाच्या दुधात चिकाचा हलवा व्हायचा. गाईचं दूध का नाही, तर मटणाच्या जेवणात ते चालत नाही, म्हणून आमची सगळी गोडाधोडाची भिस्त नारळावर. योम किप्पुर तिचा 'दरफाळणीचा सण': दारं लावून, पांढरे कपडे घालून, दिवसभर निर्जळी. त्या दिवसाच्या शेवटच्या प्रार्थनेला हिब्रूत नेइला म्हणतात, म्हणजे दारं मिटणं, हे तिला कोणी सांगितलेलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी 'शिळा सण', गरिबांना दानधर्म करायचा. मंदिर पडल्याच्या शोकाचा, आव महिन्याच्या नवमीचा उपास हा 'बिरड्याचा सण', कारण उपासाला जोडून वालाचं बिरडं. अनेक ठिकाणचे यहुदी शोकाच्या जेवणात मसूर वाढतात. आमच्याकडे वाल पिकतो.

आणि पेसाह, मिसरच्या गुलामगिरीतून सुटल्याचा सण. आजी त्याला 'अनशी ढाकाचा सण' म्हणायची. अनस म्हणजे आंबट कालवणाचं मडकं. सणाच्या दिवसांत ते झाकून ठेवायचं. या सणात वर्ज्य असतं ते हामेत्स, आंबवलेलं धान्य. हामेत्स शब्दाचं मूळच आंबट असण्यात आहे. कोकणात पावाचं खमीर नव्हतं, मिसरची कथा पुसट झाली होती, पण आंबट ते झाका, एवढी खूण बायकांनी धरून ठेवली. हे मला ज्या दिवशी उमगलं त्या दिवशी मी आजीच्या फोटोपुढे बराच वेळ बसून होते.

हनुक्का मात्र तिच्या यादीत नव्हता. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात मंदिर पुन्हा शुद्ध झालं, त्याची ती आठवण. हाइम सॅम्युएल किहीमकर यांनी 1897 मध्ये लिहून पुरा केलेल्या आमच्या इतिहासात याच आधारावर तर्क केला की पूर्वज त्याआधीच मायदेश सोडून निघाले असावेत. सगळ्यांना तो पटत नाही. मला त्यातली पद्धत आवडते: काय आठवतं यावरून नव्हे तर काय आठवत नाही यावरून तारीख काढायची.

लिहिलेली तोरा परत आली ती सावकाश. 1796 मध्ये सामाजी हसाजी दिवेकरांनी मुंबईत मांडवीला पहिली मशीद बांधली (आम्ही सिनेगॉगला मशीदच म्हणायचो), अलिबागची मागेन अबोथ 1848 ची. मिशनरी जॉन विल्सन यांनी 1832 मध्ये हिब्रूचं व्याकरण मराठीत छापलं. त्यांना आम्हाला ख्रिस्ती करायचं होतं, आमच्या मुलांनी त्यातून आपलीच प्रार्थना वाचायला शिकून घेतली. जोसेफ इझिकिएल राजपूरकरांनी प्रार्थनापुस्तकं मराठीत आणली. 1874 मध्ये पुण्यात पेसाहची हग्गादा मराठी भाषांतरासह निघाली, तिच्या चित्रांत आपल्याकडच्या पेहरावातल्या बायका बिनखमिराच्या भाकऱ्या करताना दिसतात. 1880 च्या सुमारास तर बेंजामिन सॅमसन अष्टमकर आणि त्यांच्या सोबत्यांनी अब्राहाम, मोशे यांची आख्यानं कीर्तनात बसवली. तानाखची, म्हणजे यहुदी बायबलची, 24 पुस्तकं ज्यांनी उघडलीही नव्हती, त्यांच्यापर्यंत योसेफ आणि त्याचे भाऊ टाळ-झांजांवर पोचले.

आजोबा रेल्वेत कारकून होते आणि पोथीचे भक्त. सणाला हेखालातून, म्हणजे मशिदीतल्या पवित्र कपाटातून, सेफेर तोरा, तोराची गुंडाळी, काढली की ते मला पुढे ढकलायचे. चामड्यावर हाताने लिहिलेली, 3 लाख 4 हजार 805 अक्षरं, स्वरचिन्हं नाहीत. एक अक्षर बिघडलं तरी दुरुस्त होईपर्यंत वाचायची नाही. आजी मागे, बायकांच्या बाजूला बसलेली. ती गुंडाळी तिने आयुष्यात कधी जवळून पाहिली नाही.

1962 साली आत्याचं पत्र आलं. ती तीन वर्षांपूर्वी काकांबरोबर इस्राएलला गेली होती. तिथल्या धर्माधिकाऱ्यांनी 1962 मध्येच ठरवलं होतं की बेने इस्राएलांचं लग्न लावण्याआधी आईकडच्या पिढ्या जितक्या मागे जाता येईल तितक्या तपासायच्या. मावशांच्या, काकांच्या घरांत तेव्हा दुसरा विषय नव्हता. 1964 मध्ये आमची माणसं यरुशलेमच्या रस्त्यावर बसली आणि पंतप्रधान लेवी एश्कोल यांच्या सरकारने जाहीर केलं की बेने इस्राएल हे सर्व अर्थांनी यहुदीच आहेत. पुन्हा राहाबीची मासळीच ती. 2016 मध्ये तर जनुकांचीही तपासणी झाली. आमच्यात मध्यपूर्वेतला यहुदी आणि भारतीय, दोन्ही वंश सापडले.

राग मलाही आला, अजून येतो. पण एक सांगितलंच पाहिजे. आमच्यातही 'गोरे इस्राएल' आणि 'काळे इस्राएल' होते. ज्यांची आई बेने इस्राएल नव्हती त्यांच्या वंशजांना पिढ्यान्‌पिढ्या काळे म्हटलं गेलं, त्यांच्याशी सोयरीक व्हायची नाही, मशिदीतही ते मागे. आजीच्या शुक्रवारच्या गोष्टींत हे कधी आलं नाही. मी विचारलं तेव्हा तिने वात सारखी केली आणि गप्प बसली. आईकडच्या पिढ्या मोजायला आम्हीही शिकलो होतो.

आत्याने पत्रात मागितलं होतं ते एवढंच: आईच्या आईचं नाव, तिच्या आईचं, जितकी आठवतील तितकी. आजीला लिहिता येत नव्हतं, आजोबा तोवर गेले होते. मी चौथीत. शाईची दौत घेऊन ओट्यावर बसले. आजी तांदूळ निवडता निवडता नावं सांगत गेली, प्रत्येकीबरोबर तिचं गाव, ती काय चांगलं रांधायची, कशाने गेली. मी नुसती नावं लिहीत होते.

सहाव्या नावाला ती थांबली. सूप खाली ठेवलं, डोळे मिटले. मी टाक दौतीत बुडवून वाट पाहत होते.

"पुढे?"

"पुढे नवगाव लिही," आजी म्हणाली.