एकेका पेशीतील जनुकांचा अभ्यास: सरासरीपासून पेशीपर्यंत

शितावरून भाताची परीक्षा करता येते, कारण एका पातेल्यातली शिते साधारण सारखीच शिजलेली असतात. पेशींच्या बाबतीत जीवशास्त्रज्ञांनी बराच काळ असेच धरून चालवले, फक्त उलट्या दिशेने. लाखो पेशी एकत्र फोडायच्या, त्यांतला आरएनए किंवा विकर मोजायचा आणि आलेली सरासरी प्रत्येक पेशीला लागू आहे असे मानायचे. हे गृहीतक कुठे चुकते ते पाहिले, की एकेक पेशी तपासण्याचा खटाटोप कशासाठी झाला हे तुमच्या लक्षात येईल.

सुरुवात १९५७ पासून करू. ई. कोलाय हा जीवाणू दुग्धशर्करा फोडण्यासाठी बीटा-गॅलॅक्टोसिडेज हे विकर बनवतो, पण प्रेरक पदार्थ मिळाला तरच. ॲरन नोविक आणि मिल्टन वाइनर यांनी टीएमजी नावाचा प्रेरक अगदी कमी प्रमाणात दिला, तेव्हा विकराचे एकूण प्रमाण हळूहळू वाढत गेले. याचे दोन अर्थ निघतात. एक तर प्रत्येक जीवाणू थोडे थोडे विकर बनवत असेल. किंवा काही जीवाणू पूर्ण वेगाने बनवत असतील, बाकीचे मुळीच नाही, आणि बनवणाऱ्यांची संख्या वाढत असेल. मोजणीचा आकडा दोन्ही बाबतींत तोच! पुढे वाचण्याआधी क्षणभर थांबा. एकाच जीवाणूतले विकर मोजणे आवाक्याबाहेर असताना यातला खरा अर्थ तुम्ही कसा ठरवला असता?

त्यांची युक्ती अशी. टीएमजीची एक मधली पातळी आहे. तिच्यात ‘चालू’ झालेल्या जीवाणूची संतती चालू राहते आणि ‘बंद’ असलेल्याची बंदच. त्यांनी अर्धवट प्रेरित झालेले द्रावण इतके विरल केले, की एका नळीत फार तर एखादाच जीवाणू पडावा. मग याच मधल्या पातळीत ते जीवाणू वाढू दिले. प्रत्येक नळीत एकाच पूर्वजाचे वंशज. तपासल्यावर नळ्या एकतर पूर्ण चालू निघाल्या, नाहीतर पूर्ण बंद. कारण असे, की विकराबरोबरच परमिएज हे प्रथिनही तयार होते आणि ते बाहेरचा टीएमजी आत ओढते. एकदा थोडा आत आला, की आणखी परमिएज, आणि म्हणून आणखी टीएमजी. जनुके तीच, भोवतालही तोच, तरी पेशींची वागणूक वेगळी. माझ्या मते या साऱ्या इतिहासातला सर्वांत देखणा प्रयोग हाच. त्याला लागल्या काचेच्या नळ्या आणि नेमका प्रश्न.

मग पुढची पावले पडायला इतकी वर्षे का लागली? अडचण प्रमाणाची होती. सस्तन प्राण्याच्या एका पेशीत एकूण आरएनए साधारण १० ते ३० पिकोग्रॅम असतो. एका ग्रॅमचे एक लाख कोटी भाग केले, तर त्यातला एक म्हणजे एक पिकोग्रॅम. त्यातही संदेशवाहक आरएनए शेकडा एक ते पाचच. १९९० च्या सुमारास या आरएनएच्या प्रती वाढवण्याच्या पद्धती निघाल्या. १९९२ मध्ये जेम्स एबरवाइन यांच्या गटाने एकेका चेतापेशीवर त्यांपैकी एक वापरून दाखवली, पण तेव्हा मोजता येणारी जनुके मोजकीच होती.

२००९ मध्ये केंब्रिजच्या अझीम सुरानी यांच्या प्रयोगशाळेतून फुचोउ तांग आणि सहकाऱ्यांनी उंदराच्या चार पेशींच्या अवस्थेतील भ्रूणाची एक पेशी घेतली आणि तिच्यातल्या साऱ्या संदेशवाहक आरएनएचा क्रम वाचला. जुन्या मायक्रोॲरे पद्धतीपेक्षा ५,२७० अधिक जनुके दिसली. भ्रूणाची निवड साहजिकच होती: तिथे लाखो पेशी मिळणारच कुठून?

२०१५ मध्ये हार्वर्डमधील दोन गटांनी प्रत्येक पेशी तेलातल्या एकेका थेंबात कोंडली. थेंबातल्या मण्यावर त्या पेशीपुरता डीएनए-बारकोड असतो, त्यामुळे पुढे सगळे मिसळले तरी कोणता रेणू कोणत्या पेशीचा हे कळते. यातल्या एका गटाने उंदराच्या दृष्टिपटलातील ४४,८०८ पेशी तपासल्या आणि त्यांचे ३९ गट पाडले.

याचा उपयोग काय, हे सिस्टिक फायब्रोसिस या आजारात दिसते. त्याचे सीएफटीआर जनुक १९८९ मध्येच सापडले होते. २०१८ मध्ये दोन गटांनी श्वासनलिकेतल्या पेशी एकेक करून पाहिल्या, तेव्हा शेकड्यात जेमतेम एक भरेल अशा, तोवर अनोळखी पेशींमध्ये हे जनुक सर्वांत जोरात चालू असल्याचे आढळले. माशांच्या कल्ल्यांतील क्षार हलवणाऱ्या पेशींशी साम्य म्हणून त्यांना ‘आयनोसाइट’ म्हटले गेले. सरासरीत त्या बुडून गेल्या होत्या.

मात्र गोष्ट इथे मिटली नाही. २०२१ मधील मानवी श्वसनमार्गाच्या अभ्यासात एकूण सीएफटीआरचा मोठा वाटा स्रावी पेशींचा निघाला. त्या पेशींत ते दर पेशीमागे कमी, पण त्या संख्येने पुष्कळ. शिवाय या तंत्रात पेशीतले बरेचसे रेणू हातचे निसटतात. त्यामुळे तक्त्यात एखाद्या पेशीपुढे शून्य दिसले, तर जनुक खरोखर बंद होते की रेणू वाटेत हरवला, हे त्या शून्यावरून सांगता येत नाही. जनुकोपचार करणाऱ्याला तर आधी हेच ठरवावे लागते, की दुरुस्त जनुक पोहोचवायचे कोणत्या पेशीत: मोजक्या आयनोसाइटमध्ये, की असंख्य स्रावी पेशींमध्ये.